टीपमावशीचं हॉटेलातलं काम

माझ्या आईच्या दोन्ही बहिणी एकाच घरात राहतात. दोघींपैकी एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल घेऊन उभी, असं सगळे कौतुकानं सांगतात. पण खरं सांगायचं तर शिंक नेहमी थोरलीची आणि रुमाल नेहमी धाकटीचा. ही धाकटी म्हणजे आमची टीपमावशी. कपड्यांची दुरुस्ती हा तिचा धंदा. पँट लांब असेल तर आखूड, कंबर घट्ट असेल तर सैल, चेन गेली असेल तर नवी, कोपर फाटलं असेल तर आतून ठिगळ. नवा कपडा ती शिवत नाही. नवा कपडा कुणीही शिवेल, दुसऱ्यानं घातलेला घोळ निस्तरायला अक्कल लागते, असं तिचं म्हणणं. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत दोघींचा संसार. कुणी काही विचारलं की "थांब, एवढी टीप मारते आणि सांगते" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्यावरून आम्ही भाचरंडांनी तिला हे नाव दिलं आणि आता गिऱ्हाइकंही तिला याच नावानं हाक मारतात.

थोरली मावशी टेलिफोन खात्यात होती. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा घर तिनंच ओढलं. माझ्या आईचं लग्न तिनं लावून दिलं, धाकटीला शिवणाच्या वर्गात तिनं घातलं, पहिलं मशीन तिनं आणलं, आणि या धबडग्यात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. त्याबद्दल तिनं कधी हूं की चूं केलं नाही. निवृत्त झाली आणि आता जरा फिरेन म्हणत होती, तेवढ्यात बसमधून उतरताना पडली. मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पाय पुन्हा तिच्या कह्यात आले नाहीत. तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, ती चाकांच्या खुर्चीत आहे.

आणि तेव्हापासून टीपमावशीनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सकाळी उठवायचं, केस विंचरायचे, संध्याकाळी अंघोळ घालायची, फळ चिरून, बिया काढून, बशीत मांडून हातात द्यायचं. पाणी मागायच्या आत पेला पुढे. थोरली खुर्चीचं चाक स्वतः फिरवायला गेली की ही हातातलं काम टाकून धावत येणार, "अगं ताई, मी आहे ना." थोरलीचे हात धडधाकट होते, पण त्या हातांसाठी घरात काही कामच शिल्लक नव्हतं. मला हे बघवायचं नाही. मी एकदोनदा बोलून पाहिलं आणि तोंडावर पडले. "तिनं माझ्यासाठी काय काय केलं ते तुला माहीत नाही," एवढं बोलून टीपमावशी मशीनचं चाक असं काही फिरवायची, की पुढचं बोलणं खडखडाटात बुडून जायचं.

आमच्या ऑफिसात बाहेरगावची माणसं कामासाठी येतात. त्यांची सोय एका मोठ्या बिझनेस हॉटेलात केलेली असते. अशी हॉटेलं सोमवार ते शुक्रवार गजबजलेली असतात आणि शनिवार-रविवारी ओस पडतात. म्हणून वर्षभराच्या गिऱ्हाइकीपोटी हॉटेलवाले ऑफिसला सुट्टीच्या दिवसांतलं राहणं अधूनमधून फुकट देतात. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं आणि मी ते टीपमावशीला देऊन टाकलं. थोरली पडल्यापासून ही बाई एक रात्रही घराबाहेर झोपलेली नव्हती. साठी जवळ आली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि हल्ली सुईत दोरा दोनतीनदा केल्याशिवाय ओवला जात नव्हता.

तिला तयार करायला मला जेवढं बोलावं लागलं, तेवढ्या बोलण्यात मी एखादी निवडणूक जिंकले असते. ताईला कोण बघणार, या प्रश्नाचं उत्तर समोरच्या घरातून आलं. तिथं एक निवृत्त नर्सबाई राहतात. देहानं भरभक्कम आणि जिभेनं फटकळ. त्या म्हणाल्या, आयुष्यभर अख्खे वॉर्ड सांभाळले, एक म्हातारी मला दोन दिवस जड नाही, तू जा. शेवटी टीपमावशी हो म्हणाली, पण एका अटीवर. आपण आरामाला चाललोय हे ताईला कळता कामा नये.

तिनं थोरलीला सांगितलं, एका मोठ्या हॉटेलातल्या नोकरांचे गणवेश दुरुस्तीला आलेत, सगळ्यांची मापं तिथं जाऊनच घ्यायला हवीत, दोन दिवस राहावं लागेल. मी चिडले. सख्ख्या बहिणीला थाप कशाला मारायची, सरळ सांग ना, असं म्हटलं. तर ती शिवत होती तो शर्ट मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तिला दारापर्यंत चालता येत नाही," ती म्हणाली. "आणि मी तिला सांगू, की मी मऊ गादीवर लोळायला चालले?"

या दोघी आजवर एकमेकींशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. निदान टीपमावशीची तशी ठाम समजूत होती, आणि आपण हे पहिलंच खोटं बोलतोय या विचारानं तिचा घास उतरेना. ताईला कळलं तर ती पुन्हा आपल्यावर विश्वास टाकणार नाही, ही एकच धास्ती. थोरलीनं गणवेशांची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि "बरं. मग जा की," एवढंच म्हणाली. हे "बरं" टीपमावशीला बॅग भरताना खड्यासारखं टोचत राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला हॉटेलच्या दारात सोडलं. पुढचं सगळं तिनं मला नंतर थोडंथोडं करून सांगितलं, बरंचसं तोंडात टाचण्या धरून.

गोल फिरणाऱ्या काचेच्या दारातून ती आत गेली तेव्हा समोरून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता. कोट घातलेली, चाकांच्या बॅगा ओढणारी, कानाला फोन लावलेली माणसं घरी निघाली होती. सगळी दुनिया काम संपवून घरी चालली आहे आणि आपण एकट्याच उलट्या दिशेनं, असं तिला वाटलं. काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं, मॅडम, कामासाठी आलात की सुट्टीसाठी? साधा प्रश्न. त्यांना कुठंतरी एक खूण करायची असते, बस. पण चोराच्या मनात चांदणं. टीपमावशीनं ताडकन सांगितलं, कामासाठी. कसलं काम, या प्रश्नालाही ती अडखळली नाही. कपड्यांचं, म्हणाली.

झालं. कपड्यांच्या व्यवसायातल्या मोठ्या बाई एकट्या आल्यात असा तिथं समज झाला. त्यांना वरच्या मजल्यावरच्या खास बैठकीत चहा-कॉफी, त्यांना हवी तर मीटिंगची खोली, त्यांना इंटरनेटचा पासवर्ड. एक पोरगेलासा सूटवाला तिला एक लांबलचक टेबल, पांढरा फळा आणि बाराएक खुर्च्या दाखवून आला. तुमची माणसं किती वाजता येतील, त्यानं अदबीनं विचारलं. टीपमावशी म्हणाली, बघते.

खोलीत गेल्यावर ती आधी दाराला पाठ लावून उभी राहिली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण एवढं होतं, की आमच्या घरातले सगळे पाय पसरले असते तरी कडेला जागा उरली असती. खिडकीपाशी लिहायचं टेबल, त्यावर मान वळवता येणारा दिवा, पाठीला टेकू देणारी खुर्ची. कपाटात इस्त्री. न्हाणीघरात पांढराशुभ्र टब. तिनं नळ सोडला, पाण्यात हात घालून बघितला, पाणी घोट्यापर्यंत चढलं तशी आत जाऊन बसली. आणि बसल्या बसल्या तिला दिसलं, की आत्ता घरी नर्सबाई ताईला स्टुलावर बसवून तांब्यानं पाणी घालत असतील. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरावा लागतो, हे त्यांना आपण सांगितलंच नाही. टब अर्धाही भरला नव्हता. ती तशीच उठली, अंग पुसलं आणि घरी फोन लावला.

फोन नर्सबाईंनी घेतला. सगळं ठीक आहे, म्हणाल्या. ताईला द्या, असं म्हटलं, तर ती आत्ता येऊ शकत नाही, असं उत्तर आलं. का येऊ शकत नाही? कामात आहे, नर्सबाई म्हणाल्या, आणि तूही तुझं काम कर, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. खुर्चीत बसलेल्या बाईला कसलं काम? ताईला कळलंय. ती रुसलीय. आपलं तोंड बघायचं नाही, आपला आवाज ऐकायचा नाही, असं तिनं ठरवलंय. टीपमावशीनं शनिवारी सकाळी पुन्हा फोन केला. पुन्हा नर्सबाई, पुन्हा तेच.

त्या मऊ गादीवर तिला झोप लागली का, असं मी विचारलं. म्हणाली, एका कुशीवर पडून होते, दुसऱ्या बाजूची चादर चुरगळायला नको म्हणून. असली माणसं देव कुठल्या मापानं घडवतो कोण जाणे.

शनिवारी दुपारी हाउसकीपिंगची बाई खोली आवरायला आली. चाळिशीची, चटपटीत. गादीची चादर खोचायला ती वाकली आणि टीपमावशीला तिच्या पँटची मागची किनार दिसली. किनार उसवली होती आणि चक्क स्टेपलरच्या पिना मारून वर धरली होती. टीपमावशीचा जीव कळवळला. आणि त्याच क्षणी, हे तिचंच म्हणणं, डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण ताईला काय सांगितलं? हॉटेलातल्या नोकरांचे गणवेश. मग हे समोर काय आहे?

तिनं त्या बाईला हाताला धरून खुर्चीत बसवलं. बाई नको नको म्हणत होती, खाली खोल्या पडल्यात म्हणत होती. पण माझ्या मावशीच्या तावडीत एकदा उसवलेला कपडा सापडला, की ती देवाचंही ऐकणार नाही. पर्समध्ये सुया-दोरे कायम असतात, कात्रीही होती. टेप तेवढी सापडेना, पण किनारीला काय, वितीनं माप घेतलं तरी चालतं. बाईला न्हाणीघरातला झगा गुंडाळून बसवलं, पिना काढल्या, घडी सरळ केली आणि बारीक तुरपाई केली. वर इस्त्रीही फिरवली. आणखी कुणाचं काही असेल तर घेऊन या, असंही सांगितलं. बाईनं मान डोलावली.

आणि मग खरंच कपडे आले. सामान उचलणाऱ्याच्या कोटाची बाही, काउंटरवरच्या मुलीच्या कोटाचं अस्तर, वेटरांची जाकिटं. पाहुण्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून बाहेर लावायची पाटी असते, ती टीपमावशीनं दाराला अडकवली आणि खिडकीतल्या टेबलाशी दिवा वळवून बसली. संध्याकाळ झाली, रविवार उजाडला, ती शिवतेच आहे. ताईशी आपण बोललो ते आता खोटं राहिलेलं नाही, टाक्यागणिक ते खरं होतंय, असं तिला वाटत होतं. सगळ्या मुक्कामात तिचा जीव थाऱ्यावर होता तो एवढाच वेळ. जगात लोक हॉटेलात जातात ते काम विसरायला. आमच्या घराण्यातली माणसं तिथं जाऊन काम शोधून काढतात.

रविवारी सकाळी मॅनेजर आले. हातात हात गुंफून दारात उभे राहिले, आत येऊ का विचारलं आणि आत आल्यावर पलंगावरच्या ढिगाकडे बघतच राहिले. खाली नाश्त्याला तीन वेटर जाकिटाशिवाय वाढत होते, एक पाहुणे तक्रार करून गेले, चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी वर बोट दाखवलं. माणूस सभ्य होता. आवाज न चढवता म्हणाला, आपण आमच्या पाहुण्या आहात, आमच्या माणसांनी आपल्याला कामाला लावलं याची मला लाज वाटते. त्यांच्यामागे हाउसकीपिंगची बाई उभी होती, मान खाली घालून. काल तिच्या चार खोल्या राहून गेल्या होत्या, त्याबद्दल तिला बोलणी बसली होती, आणि आता हे वर.

टीपमावशी घाईघाईनं म्हणाली, यांची काही चूक नाही, मीच बसवलं, मीच कपडे मागितले. मॅनेजर म्हणाले, तेच सांगतोय, आमच्या माणसांनी नको म्हणायला हवं होतं. मग ते ढीग उचलायला कुणाला तरी बोलवायला बाहेर गेले. टीपमावशीनं त्या बाईचा हात धरला आणि विचारलं, तुला नको होतं तर तू बोलली का नाहीस गं?

बाई म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाहुण्या. एवढ्या प्रेमानं बसवलंत. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

आणि लगेच, वाईट वाटू नये म्हणून, टाके फार छान पडलेत, असंही म्हणाली. ते ऐकून टीपमावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या मनाची टोचणी शमवायला आपण एका कष्टाळू बाईचा दिवस खाल्ला. अर्धी उसवलेली एक पँट टेबलावर तशीच होती. ती पुरी करू द्या, एवढी एकच मागणी तिनं मॅनेजरांना केली. त्यांनी करू दिली. खाली उतरल्यावर तिनं सगळी चूक आपली, त्या बाईची नाही, असं लिहून दिलं आणि दुपार व्हायच्या आत टॅक्सी करून निघाली. मला फोनसुद्धा केला नाही. वाटेत तिनं ठरवलं, की घरी पाय ठेवल्या ठेवल्या ताईला खरं काय ते सांगून टाकायचं. मग ती बोलो, न बोलो.

दार उघडंच होतं. नर्सबाई पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. थोरली आत, स्वयंपाकघरात, ओट्याशी खुर्ची लावून बसलेली. धाकटीला बघताच तिनं उजवा हात मांडीवरच्या शालीखाली घेतला. टीपमावशीच्या नजरेतून उसवलेली किनार सुटत नाही, तिथं हे कुठून सुटणार. तिनं शाल बाजूला केली. दोन बोटांना पट्टी बांधली होती. भाजलंय, थोरली म्हणाली, काही विशेष नाही.

टीपमावशी खालीच बसली. मी गेले म्हणून हे झालं, असं म्हणून ती रडायला लागली आणि रडता रडताच सगळं ओकली. काम नव्हतं, गणवेश नव्हते, भाचीनं फुकटातलं राहणं दिलं होतं, मी मजा करायला गेले होते, मी तुझ्याशी खोटं बोलले.

"मला माहीत होतं," थोरली म्हणाली. "तुझी टेप दोन दिवस मशीनवरच्या खिळ्याला लटकते आहे. मापं काय डोळ्यांनी घेणार होतीस?"

टीपमावशीनं दारातून पुढच्या खोलीत बघितलं. टेप खरंच तिथं होती. मग तू फोनवर का आली नाहीस, तिनं विचारलं, रुसली होतीस ना? थोरली डाव्या हातानं शाल सारखी करत राहिली. टेलिफोन खात्यात उभा जन्म काढलेली बाई, तिला शब्द शोधावे लागावेत असं कधी होत नाही.

"रुसले नव्हते. पहिल्यांदा केलास तेव्हा मी न्हाणीत होते. एकटी. नर्सबाई दाराबाहेर. काल केलास तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानात होते, नर्सबाईंनी पायरी उतरवून दिली, पुढे चाकं माझी मी फिरवत गेले. आज सकाळी चहा केला, तेव्हा हे भाजलं." तिनं पट्टीकडे बघितलं. "तू शुक्रवारी दाराबाहेर पडलीस ना, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, की माझी मलाच लाज वाटली. एवढं करणारी बहीण, आणि ती गेल्यावर मला बरं वाटतंय. दोन दिवस हेच घोकत बसले होते, की तू आल्यावर तोंड कसं दाखवू."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, टीपमावशीनं विचारलं.

"तू दिवसभर राबतेस माझ्यासाठी," थोरली म्हणाली. "करणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं?"

त्या दिवशी सकाळी हॉटेलातल्या बाईकडून ऐकलं, तेच दुपारी घरात ऐकलं. टीपमावशी मला म्हणाली, मी दोन दिवसांचं पाप डोक्यावर घेऊन घरी आले होते. ते धुवायचं म्हणून गेले आणि बघते तर गेली नऊ वर्षं समोर उभी. मला या गोष्टीवर काहीतरी विनोद करायचा होता. सुचला नाही.

नर्सबाईंनी मात्र पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि दोघींकडे न बघता म्हणाल्या, भाजल्यावर पहिल्यांदा गार पाणी सोडायचं हे तुझ्या बहिणीला माहीत होतं, मला हातही लावू दिला नाही, आता तूही लावू नकोस. आणि निघून गेल्या.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. जित्याची खोड ती. टीपमावशी आठवडाभर हात पाठीमागे बांधून घरात फिरत होती आणि थोरलीनं चाकू उचलला की हिचे डोळे गच्च मिटत होते. थोरलीला ते दिसत होतं, आणि आपण हिला छळतोय असं वाटून ती चाकू खाली ठेवत होती. दोघींनाही एकमेकींचं इतकं वाईट वाटत होतं, की घरात श्वास घ्यायला जागा नव्हती. शेवटी शनिवारी सकाळी थोरलीनं विचारलं, आज तुझं कुठं बाहेर काही काम नाही का गं? आहे, टीपमावशी म्हणाली. दोघींनाही माहीत होतं, की नाही.

दुपारी मला टीपमावशीचा फोन आला. आवाज अगदी बारीक. ती घराबाहेरच्या पायरीवर बसली होती, दार ओढून घेऊन. कधीपासून, ते तिला सांगता येईना. आत ताई स्वयंपाक करत होती.

"आत काहीतरी पडलं," ती म्हणाली. "मोठा आवाज झाला. जाऊ?"

तिनं हाक मारली का, मी विचारलं.

"नाही."

मग बस तिथंच, मी म्हटलं. तिनं फोन ठेवला नाही, मलाही ठेववेना. ती पायरीवर आणि मी माझ्या घरी, दोघी कानात प्राण आणून ऐकत राहिलो. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला, मग खुर्चीच्या चाकाची करकर, मग पाण्याचा नळ सुटला.

"मी इथं बसलेय, हे बरोबर आहे ना गं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. ती रडत होती, पण उठली नाही.